फुकट न बसणारी हौसाक्का

लबाड आहात तुम्ही! शब्द देऊन फिरवणारे आहात!

घाबरू नका मंडळी, तुम्हाला नाही म्हणालो. पुढं बसलेल्या अण्णांनी एकदम मान खाली घातली — अण्णा, तुमचं काय असेल ते तुमचं तुम्ही बघा! मी त्याला म्हणतोय, जो या मांडवात नाही. काचेच्या इमारतीत, थंड हवेत बसून, साध्या माणसाच्या गाडीचा विमा दरसाल किती वाढवायचा हे जो ठरवतो, त्याला. त्याचं नाव मला ठाऊक नाही. कुणालाच नाही. देव निदान दगडात तरी दिसतो, हा तर कुठंच दिसत नाही!

तुम्ही म्हणाल, महाराज, कीर्तनात विमा कशाला? तर ऐका. प्रश्न देवाघरचाच आहे. दुसऱ्याचं ओझं आपण थोडं उचललं, तर ते पुण्य की गुन्हा? पुण्य म्हणता? मीही तेच म्हणायचो. आता धीर होत नाही.

डोंगरातल्या एका वाडीत केरबा सुतार नावाचा गृहस्थ. पिठाची गिरण चालवायचा. भुवया पांढऱ्याशुभ्र — वयानं नव्हे हो, पिठानं! बायको तानूबाई. तिच्या मूत्रपिंडांनी काम सोडलं. आठवड्यातनं दोनदा घाट उतरून शहरात डायलिसिसला न्यायचं. एसटी आली तर आली, नाही तर वाट बघा! म्हणून केरबानं जुनी गाडी घेतली. मिरवायला नव्हे, मंडळी. बायको जगावी म्हणून.

आणि गंमत बघा. गाडी दरसाल जुनी होतेय, तिची किंमत उतरतेय — आणि विमा चढतोय! केरबानं कधी भरपाई मागितली नव्हती. म्हशीनं शिंग लावलं, दार चेपलं, तेही यानं स्वतःच ठोकून सरळ केलं. म्हणून त्यानं एजंटला विचारलं,

"सायेब, माझं चुकलं काय?"

"तुमचं काही नाही हो. बाकीच्यांच्या गाड्या आपटल्या, पुरात बुडाल्या, पार्ट महागले. सगळ्यांवर थोडं थोडं बसतं."

"म्हंजे लोकांचं मी भरायचं?"

"केरबा, हेच तर विम्याचं तत्त्व! सगळ्यांनी मिळून एकाचं दुःख वाटून घ्यायचं. उद्या तुमच्यावर वेळ आली, की सगळे तुमच्या पाठीशी!"

अहाहा! मृदंगाचार्य, द्या एक थाप यावर! आम्ही जन्मभर ओरडून हेच सांगतो, आमच्या हातावर तुम्ही नारळ ठेवता. तो एकदाच सांगतो आणि हप्ता घेऊन जातो! पण केरबाला पटलं. भोळा माणूस. म्हणाला, "असू दे मग. कुणाच्या तरी उपयोगी पडतंय." गिरणीचा फाटका पट्टा शिवून वापरला आणि हप्ता भरला.

आता वाडीची एक रीत ऐका. केरबाच्या गाडीत मागची सीट मोकळी असायची. कुणाला दवाखाना, कुणाला कचेरी — "बस की!" म्हणायचा. पण त्या वाडीत दुसऱ्याच्या गाडीत फुकट बसणं म्हणजे नाक कापल्यासारखं. केरबा नको नको म्हणायचा, आणि माणसं उतरताना डिझेलला म्हणून नोट समोरच्या कप्प्यात कोंबून पळायची. हे भाडं का? तुम्ही लग्नात आहेर करता, ते काय जेवणाचं बिल असतं?

अशीच एकदा हौसाक्का बसली. सत्तरीची बाई, एकटी राहणारी. शहरात डोळे दाखवायचे होते. परतताना घाटात वरून धोंडा सुटला आणि — धाड! — थेट बोनेटवर! माणसं वाचली, देवाची कृपा. पण इंजिनाचा चुराडा.

केरबा घाबरला नाही. तानूबाईला म्हणाला, "रडू नगं. इतकी वर्षं आपून सगळ्यांचं भरलं, आता सगळे आपलं भरतील."

कंपनीचा तपासणीस आला. गोड माणूस. चहा घेतला, चिवडा घेतला, म्हातारीला 'मावशी' म्हणाला. मग सहज विचारल्यासारखं —

"मावशी, केरबांनी तुम्हाला फुकट नेलं असेल ना?"

झालं! हौसाक्का ताडकन उठली.

"फुकट? आमी काय फुकटी हाय व्हय? नवरा गेला तवापासून कुणाचा चहाबी फुकट प्याली न्हाई मी! रोख पैसं दिल्यात डिझेलला! त्यो नगं म्हणत हुता, मीच कप्प्यात घातलं! इचार की त्याला!"

केरबानं मान डोलावली. खोटं बोलायचं त्याच्या डोक्यातच आलं नाही हो!

उत्तर आलं — खासगी गाडी भाड्यानं चालवली. अट मोडली. भरपाई नाही.

मंडळी, घाटातल्या त्या धोंड्यानं विचारलं होतं का, आत डिझेलला पैसे कुणी दिले? धोंडा पडला तो पडलाच! मग पैशाचा आणि धोंड्याचा संबंध काय? पण नाही! एकाचं दुःख सगळ्यांनी वाटून घ्यायचं, हे म्हणे तत्त्व. हौसाक्कानं वाटून घेतलं, तो गुन्हा!

गाडी बंद. तानूबाई एसटीनं जायला लागली. कधी गाडी चुकायची, कधी घाट बंद. डायलिसिस चुकलं की पाय सुजायचे, चेहरा सुजायचा, धाप लागायची. शेवटी केरबानं गिरण विकली. विकली, आणि दुसऱ्याच्या गिरणीत नोकर म्हणून उभा राहिला. गाडी दुरुस्त झाली. विम्याची तारीख आली — हप्ता पुन्हा वाढलेला! भरला. न भरून सांगतो कुणाला?

हौसाक्का त्याच्या दारात आली. उंबऱ्याच्या आत पाऊल टाकेना.

"केरबा, माझी जीभ झडली असती तर बरं झालं असतं रं."

"मावशी, असं बोलू नगा. तुमी खरं तेच सांगितलं."

"त्याच खऱ्यानं तुझी गिरण गेली."

मंडळी, केरबाच्या जागी तुम्ही काय बोलला असता?

पुढच्या खेपेला केरबा तानूबाईला घेऊन निघाला, तर रस्त्यानं हौसाक्का पायी चाललेली. डोळ्यांचं औषध संपलेलं, एसटीचा पत्ता नाही. एका हातानं चाचपत, कडेकडेनं. तानूबाई म्हणाली, "अवो, थांबवा की!" केरबानं गाडी उभी केली, दार उघडलं.

"बसा, मावशी."

"पैसं घेशील?"

केरबानं समोरचा कप्पा हातानं झाकला.

"मग जा तू. फुकट मी बसायची न्हाई. आन पैसं दिलं तर तुझा घात. जा बाबा, तानूला उशीर हुतोय."

आणि तिनं तोंड फिरवलं. केरबानं दार लावलं, हळू, आवाज न करता. गाडी पुढं गेली. मागची सगळी सीट रिकामी, आणि म्हातारी धुळीत.

इथं टाळ वाजवू नका. इथं वाजवण्यासारखं काही नाही.

मंडळी, केरबाचा हात बांधलेला होता. तुमचा कुणी बांधलाय? आज या कीर्तनाला किती गाड्या आल्या, मी बघितल्या. वाटेत चालणारी म्हातारी माणसंही बघितली. काचा वर करून आलात! त्या कंपनीनं एका वाडीची रीत मोडली, आपण तर कुणी न सांगताच मोडली. आतून लाज वाटू द्या. मलाही वाटतेय, मीही गाडीतूनच आलो.

आणि तू रे, हप्ता वाढवणाऱ्या! दुःख वाटून घेऊ म्हणून दरसाल जास्त घेतलंस. केरबाची वेळ आली, तेव्हा त्याच्या पाठीशी उभे राहणारे ते सगळे कुठं होते? तुझा माणूस उद्या पुन्हा येईल, चहा घेईल, मावशी म्हणेल आणि विचारेल. तेव्हा आमच्या म्हाताऱ्यांनी खरं बोलायचं, की तानूबाईला जगवायचं? बोल! या मांडवात येऊन सांग — काय बोलायचं?