भागरताच्या घरचं विरजन

माहं माहेर बाघ नदीच्या पल्याड अन् सासर अल्याड, राजेगावच्या अंगाले. लगन झालं तवा दोन्हीकडं एकच राज्य होतं, मंग सरकारनं राज्यं वाटली, माय गेली तिकडं अन् मी राह्यली इकडं, पन नदीले कोनी सांगतलंच नाही, ती आपली तशीच वाहून राह्यली. माहा आवाज लहानपनापासून असा का मी इकडून खाकरली का पल्याड मायनं चुलीवर चहा ठेवावा. खोटं वाटते? वाटू द्या.

तर काय सांगू तुम्हाले, तवा बालाघाटहून महिला समितीच्या बाया येत. त्याच्यात वसुधाताई म्हनून एक मास्तरीन, फुंकलं त उडंल एवढी बारीक. बसमधून उतरे अन् घरोघर फिरे, पोरीले शाळेत घाला म्हने, नवरा मारते त लपवू नोका, आमाले सांगा म्हने. आम्ही पह्यले चहासाठीच जमत होतो. माहं तोंड मोठं म्हनून तिनं मलेच गावची मुखिया केलं, मी बी फुगली, अन् भर बैठकीत सांगून बसली का आमच्या धानाच्या बांधीत वाघ आलता, मी त्याच्या थोबाडावर सूप हानलं, अजून बी तो सूप पाह्यलं का रस्ता सोडते.

त्याच साली भागरताचं झालं. भागरता विधवा, एकटी, एक म्हस अन् जराशी जमीन, अन् त्या जमिनीवर दिराचा डोळा. गावातल्या गाई आटल्या त दीर म्हने हिच्या नजरेनं आटल्या, दूध नासवते, टोनही हाये, चेटूक करते. लोकायले तेवढंच पायजे. कोनी तिच्या घरचं विरजन घेईना, कोनी तिले देईना. आमच्यात भांडन असलं तरी विरजनाले कोनी नाही म्हनत नाही. ते बंद झालं म्हनजे मानूसच बंद झालं. मंग ठरलं, येत्या बाजाराच्या दिवशी तिचे केस कापाचे अन् तिले नदीपार हाकलाचं.

वसुधाताई आली. भाषन नाही, काही नाही. म्हने, भागरताच्या घरचं विरजन कोन आनते अन् सगळ्यायदेखत खाते? बाया आपापल्या पायाचे अंगठे पाहून राह्यल्या. ताई माह्याकडं वळली, वाघाले सुपानं मारनारी तूच ना वो?

तुम्हाले सांगते, वाघ परवडला, तो पुढून तरी येते. तिच्या दाराशी गेली त आवाज कुठं पळाला कोन जाने, चिमनीवानी म्हनलं, वयनी, विरजन देता का? ती बाहेरच येईना. आतून म्हने, कोनं धाडलं तुले? काही मिसळशीन अन् माह्यावर घालशीन. म्हनजे मी तिले भेऊन राह्यली अन् ती मले! मी म्हनलं, वयनी, मी भेवानं मरून राह्यली, लवकर दे. तवा तिनं दिलं. दोघींचे हात असे कापत का वाटीतच ताक झालं.

रातच्याले त्यानंच दूध विरजलं अन् दुसऱ्या दिवशी ओट्यावर बसून सगळ्यायदेखत दही खाल्लं. माही मंजुळा, लहानशी, तिनं माह्या हातातला घास वढून खाल्ला. दुपारी पोरगी तापली.

आता हसू नोका. अंग चुलीवरच्या तव्यावानी झालतं तिचं. सासू म्हने, जाय, टोनहीपुढं नाक घास. अन् भागरताचा दीर दारात उभा, म्हने, भाबी, पोरीले काही झालं त आमी बाजाराची बी वाट पाहनार नाही. मेला माह्या पोरीच्या मरनाची वाट पाहून राह्यलता. अन् माह्या बी मनात आलंच, का खरंच असंल का? पोरगी गेली का भागरता गेली, अन् ते विरजन मीच आनलतं.

पोरीले खांद्यावर घेतलं अन् बसकडं निघाली. पाहते त मागून भागरता, हातात ओला फडका. जाय म्हनावं का नको म्हनावं, ते ठरेपर्यंत ती बी बसमध्ये चढली. बसमध्ये आमच्या बाजूले कोनी बसेना. ती पूरा रस्ता पोरीच्या कपाळावर फडका ठेवे अन् मी तिच्या बोटाकडं पाहे, डोळा मिटला त काही करंल म्हनून.

बालाघाटच्या दवाखान्यात गेलो त पुढच्याच खाटंवर कोन? भागरताच्या दिराचा पोरगा, अन् उशाले त्याची माय! दोन दिवसापासून तोच ताप, अन् गावात सांगतलं का मामाच्या घरी गेला. त्यानं कुठं दही खाल्लतं? डाक्टर म्हने हिवताप हाये, तुमच्या गावचे येऊनच राह्यले. तवा माहा आवाज वापस आला. मी अशी वरडली का डाक्टरच्या हातची सुई पडली. वसुधाताई बालाघाटातच राहे, ऐकून धावत आली, तिनं दिराच्या बायकोलेच संगं घेतलं, गावात आनलं, अन् बाजाराच्या दिवशी सगळ्यायपुढं तिच्याच तोंडून वदवलं, का दही न खाता तिच्या पोराले बी तोच ताप हाये.

बाजार निंघून गेला, भागरताच्या केसाले कोनी हात लावला नाही. मंग बाया वाट्या घेऊन येत, पन मागच्या दारानं. दीर मरेपर्यंत तिले टोनहीच म्हने. अन् मी बी, मंजुळा नुसती शिंकली तरी पह्यले दह्याच्या गाडग्याकडं पाहे. भेव असं जात नाही.

भागरता गेली, ताई गेली. मंजुळाले नातू झाले. विरजन तेच हाये, एका दिवसाचं दुसऱ्या दिवशी, तुटू देलं नाही मी. तुम्ही आता गिलासभर मठ्ठा पेले ना, तो त्याचाच. काहून, लिहाचं थांबले? प्या, प्या. सुखी राहान.