माझं ‘हरकत नाही’ म्हणजे हरकत नाही असं नाही!

नाही, नाही, तुमचा पाय माझ्या पायावर पडला, कळलं मला, सॉरी म्हणालात, तेही ऐकलं, पण मी ते दोन शब्द काही म्हणणार नाही! एकदा म्हणून बसलो आणि... कुठले म्हणून काय विचारता? जे तोंडात बसलेत माझ्या! मी काशीनाथ, जन्म उत्तनच्या कोळीवाड्यातला, पण आयुष्य गेलं भाईंदर वेस्टला कुरियरच्या काउंटरवर. कुणी म्हणालं, ‘अंकल, पेन भूल गया,’ की आपण म्हणायचं, हरकत नाही. ‘अहो, पिनकोड चुकला,’ हरकत नाही. अंगावर खेकसला, तरी हरकत नाही! माणसानं सभ्य असावं की नाही?

आणि आमची उर्मिलावहिनी! तुम्हाला सांगतो, दादा गेल्यापासून तिनं घर चालवलं ते बोंबलांवर. समुद्राकाठी आमचं खळं आहे, म्हणजे मासळी वाळवायची जागा हो, बांबू उभे करायचे, आडवे बांधायचे आणि बोंबील जबड्यात जबडा अडकवून टांगायचे, ओळीच्या ओळी! बाजारात कुणी भाव पाडून मागितला की ही गरजते, ‘न्हाय चालनार!’ पलीकडची गिऱ्हाईकंसुद्धा दचकून पिशवी सावरतात.

तर त्या खळ्यावरून आता रस्ता काढायचाय. मोठा, किनाऱ्याकिनाऱ्यानं, विकासाचा! पण आधी लोकांना विचारायचं असतं म्हणे, म्हणून जनसुनावणी. कुठे? समुद्राकाठी? छे! भाईंदरला, एसी हॉलमध्ये. खुर्च्यांना पांढरे झगे, स्टेजवर बॅनर, ‘हरकती व सूचना’, आणि एका घरातून बोलणार एकच माणूस. वहिनी ठेवणीतली साडी नेसून, अबोलीची वेणी माळून आलेली. मला म्हणते, ‘भावजी, तुमीच बोला. तुमाला त्यांच्यावानी बोलता येतं. मी बोलली तर भांडन होईल.’

अहो, भांडण झालं असतं तर किती बरं झालं असतं!

माझं नाव पुकारलं. गेलो माईकसमोर. ‘नमस्कार, मी काशीनाथ...’ आणि माईक बंद! फूफू करून पाहिलं, टकटक करून पाहिलं, काही नाही. वरून साहेब म्हणाले, ‘सॉरी हं काका, माईकचा जरा प्रॉब्लेम झालाय.’ आता मी काय म्हणालो असेन? तुम्हीच सांगा! ...हां, तेच! आणि नेमका त्याच क्षणी मेला माईक चालू झाला. अख्ख्या हॉलभर घुमलं, ‘हरकत नाही!’ बाजूला बसलेल्या टायपिस्टची बोटं खट खट खट. साहेब खूश! ‘काशीनाथ, उत्तन, हरकत नाही. नेक्स्ट!’

ओरडलो हो मी! ‘साहेब, ती हरकत नाही ही हरकत नाही! माझं हरकत नाही म्हणजे हरकत नाही असं नाही, माईकला हरकत नाही, रस्त्याला आहे!’ साहेबांनी चष्मा वर केला, ‘काका, नक्की आहे की नाही?’ मागून एक जण, ‘अरे बैठ जाओ अंकल, हमको भी बोलना है!’ आमचा शेजारी रॉनी, बोटीवरचा माणूस, तावातावानं उठला, ‘साएब, त्याला न्हाय म्हनायचंय!’ साहेब म्हणाले, ‘मग? तेच तर लिहिलंय, नाही!’

हॉल खो खो हसला. वहिनी तेवढी हसली नाही.

आता सगळे माझी समजूत घालतात, काशीनाथ, तुझ्यामुळे काही झालं नाही रे, ज्यांनी रीतसर हरकत घेतली त्यांना तरी काय मिळालं? ‘नोंद घेतली!’ बस्स. असेल, खरंही असेल. पण आमच्या घराला बोलायला एकच तोंड दिलं होतं, आणि ते माझं निघालं! येताना रिक्षात वहिनी केसातली वेणी काढून हातात धरून बसली होती. वाईट वाटतं हो... फार वाईट वाटतं.

परवा आले ते लोक. खळ्यातले बांबू उपटायला लागले. सुकत आलेले बोंबील सगळे वाळूत! त्यातला एक बिचारा ओशाळला, म्हणाला, ‘मावशी, सॉरी हं, वरून ऑर्डर आहे.’ मी? मी दोन्ही हातांनी तोंड दाबून उभा! म्हटलं, आता वहिनी गरजणार, आता समुद्रापर्यंत ऐकू जाणार, ‘न्हाय चालनार!’ गरज गं बाई, एकदा गरज...

ती खाली बसली. एकेक बोंबील उचलला, वाळू झटकली, पदरात घेतला. आणि मान वर न करता त्याला म्हणाली, ‘ऱ्हाऊ दे बाबा. हरकत न्हाय.’

सभ्य झाली हो आमची वहिनी. माझ्याकडूनच शिकली!