पोखर्णीचा सर्व्हर

परभणीहून सुटलेल्या सोनपेठच्या एसटीत दैवशालाबाईंच्या पुढच्या सीटवर बाप-लेक बसले होते. पुराच्या पाण्यात त्यांच्या दाळमिलचा कॉम्प्युटर सगळ्या हिशेबासकट गेला होता. आता हिशेबाची प्रत दोन ठिकाणी राहावी म्हणून दोन सर्व्हर मुद्दाम बनवून घ्यायचे ठरले होते, आणि त्यावरूनच दोघांचं चाललं होतं.

"एक खाली ठिवू, दुसरा मिलच्या माडीवर."

"आबा, मिललाच आग लागली तर? दुसरा परगावी पायजे."

"परगावी कुठं?"

"ह्याच वाटंवर, पोखर्णीला. आत्याच्या घरी."

आबांनी खिडकीची काच ओढून घेतली. मागं शेंगा सोलत बसलेल्या दैवशालाबाई कान देऊन ऐकू लागल्या.

"मिलच्या पूजेला तिला आवतन द्यायचं इसरलो म्या. सख्खी बहीण असून. तवापासून बोलंना ती."

"माज्यासंगं बोलती की. इचारलं म्या तिला."

"काय म्हणली?"

"भावाचं हाय, ठिव म्हणली."

"...बनवणाऱ्याला सांग, बिगर आवाजाचा पंखा बसव."

"महाग पडतंय, आबा. मशीनला काय फरक पडायलाय त्यानं?"

"अक्काला दुपारी जरा कुठं डोळा लागतो. लय हलकी झोप हाय तिची."

"बरं. आन मशीन नीट चालायलंय का, ते कुणीतरी दर महिन्याला जाऊन बघावं लागंल."

"तुज्या फोनवर दिसत न्हाई व्हय ते?"

"दिसतंय की. पण कुणीतरी जायला पायजे."

तेवढ्यात कंडक्टर आला. "दोन सोनपेठ?"

"एक सोनपेठ," आबा म्हणाले. "आन एक पोखर्णी."