रूथताईचा गोरा नवरदेव

गिरणीत दळण घेताना मागून कुणीतरी म्हणालं, "आपल्या रूथताईनं आयर्लंडला गोरा नवरा..." तेवढ्यात गिरणी सुरू झाली आणि पुढचं ऐकायचं राहिलंच. रूथताई म्हणजे सावेडीतली माझी शेजारीण. नवरा वारल्यावर पन्नाशीत नर्सच्या नोकरीवर तिकडं गेलेली. सुट्टीला आली तेव्हा विचारलं, तर हसून म्हणाली, "रविवारी चर्चला ये, कळंल."

आमच्यात लग्नाआधी तीन रविवार चर्चमध्ये नावं वाचतात. पाळकांनी वाचलं, "रूथ आणि शमुवेल. कुणाची हरकत असेल तर आत्ता सांगा."

गोरा कुठं दिसेना, म्हणून मी बघायला उभी राहिले. सगळं चर्च माझ्याकडं वळून बघायला लागलं! रूथताईचा चेहरा उतरला. पाळक म्हणाले, "बाई, काय हरकत आहे?"

"हरकत न्हाई हो. पण तो गोरा कुठं बसलाय?"

पुरुषांच्या बाकावरून पिकल्या मिशांचा एक सावळा माणूस उठला. "मीच शमुवेल. आयर्लंडला बस चालवतो, पण हाय कर्जतचा. चालंल का तुमाला?"

मी गोंधळून म्हटलं, "चालंल की."

रूथताई ओरडली, "मग बस की खाली, बये! लग्न मोडतीस का माझं?"