माझ्या वाट्याचा किलो

...नाही, तेलाशी माझं भांडण नाही हो, पण आठ बाटल्या? माणसाला पाय किती? दोन! त्यातला वाकडा किती? एक! आणि त्या एका पायापायी मस्कतला माझ्या खोलीत, पलंगाखाली, आठ बाटल्या तेल! पण प्रेमानं आणतात हो, बोलणार काय?

तुम्हाला सांगतो, पाय माझा पोलिओचा. तीन वर्षांचा होतो तेव्हा गेला तो गेला. त्यानंतर मी शाळा शिकलो, लग्न केलं, एकोणीस वर्षं झाली मस्कतला एका कंपनीचं गोदाम सांभाळतो, गाडी चालवतो, पोळ्या करतो... गोल होत नाहीत, पण त्यात पायाचा काय दोष? तिकडे आमची भंडाऱ्याकडची दहाबारा माणसं, आणि आमचा नियम असा, की जो सुट्टीवर गावी जाईल त्याच्या बॅगेत प्रत्येकाचा एक किलो. कोणाचा चिन्नोर तांदूळ येतो, कोणाची लाखोरीची डाळ. मी सांगितले होते मुरमुरे. तर आमचे टिकारामजी, आंबागडचे, सगळ्यांत वडील माणूस, ते आले बाटली घेऊन! "गोपी, मुरमुऱ्यानं पाय बरा होते का बे? हे वैद्याचं आहे, जंगलातल्या मुळ्यांचं. घास आन् पाह्य!" आठ दिवसांनी भरल्या पंगतीत विचारतात, "काही फरक?" आता साठीला टेकलेला माणूस, हातातला घास तसाच धरून माझ्याकडे बघतोय... मी म्हटलं, "थोडासा वाटते जी."

मेलो! त्या 'थोडासा'नं मेलो! पुढच्या सुट्टीत भुपेंद्रनं दोन बाटल्या आणल्या, टेकचंदनं दुसऱ्याच वैद्याचं आणलं, वर म्हणतो, "दोन्ही मिसळून घास न भाऊ, लवकर पळशील!" अरे, पळून जाऊ कुठं? क्रिकेटमध्ये तुम्ही मला अंपायर करता, फोटोत एकट्याला खुर्ची देता, ते सगळं सोडलं मी, पण माझा किलो? प्रेमानं आणतात हो, बोलणार काय?

आमच्या घरी एकच माणूस असं, की ज्याला या पायाचं काही पडलं नव्हतं. चंद्रकांता. माझी बायको. मी सुट्टीवर एकोडीला आलो, की दुसऱ्याच दिवशी सकाळी झाडू घेऊन समोर हजर. "अजी, पाय उचला न, झाडून राहिली मी! दोन्ही उचला!" दोन्ही! असं मला दुसऱ्या कोणी कधी म्हटलं नाही.

मागच्या वर्षी पोळ्याच्या आधी ती गेली. मी आलो, दिवस केले, परत गेलो. मे महिन्यात तिनं आंब्याचं लोणचं घातलं होतं, ती बरणी घरीच राहिली. तेव्हा कोणाला सुचतं हो?

दिवाळीत कोंढ्याचा प्रविण सुट्टीवर निघाला. त्याला हात जोडून सांगितलं, बाबा, या वेळी माझा किलो म्हणजे ती बरणी. दुसरं काही नको. माझा मोठा भाऊ, ईश्वरदादा, बरणी घेऊन नागपूरच्या विमानतळापर्यंत गेला. मी इकडे भात टाकून बसलो... आणि प्रविण आला तो ओरडतच, "काका, टेन्शन घेऊ नका, तेल वाचवलं! सामान जास्त झालं होतं, बरणी दादाले वापस देली, पण तेल नाही सोडलं! लोणचं काय, कुठंही भेटते. पाय महत्त्वाचा!" आणि आठवी बाटली माझ्या हातात. त्याला घामही सुटला होता. प्रेमानं आणतात हो...

भात तसाच खाल्ला. ठरवलं, स्वतःच जायचं. पण सुट्टी मंजूर होता होता वर्ष गेलं, आणि परवा पोचलो एकोडीला. चप्पलही काढली नव्हती, म्हटलं, "वहिनी, बरणी?" आमच्या रत्नावहिनी हसतच आत गेल्या, बरणी पदरानं पुसत घेऊन आल्या. झाकण काढतो, तर आत...

तेल!

"भाऊजी, लोणच्याले पावसाळ्यात बुरशी आली, फेकावं लागलं. पण बरणी चांगली होती चंद्रकांताची, वाया काहून जाऊ द्या? तुमच्या पायासाठी भरून ठेवली." आणि दादा खुर्ची ओढून बसला. "घास. आमच्यासमोर घास!"

बसलो, पँट वर केली, घेतलं हातावर.

तुम्हाला सांगतो, लोणच्याची बरणी कितीही राखेनं घासा, वास काही जात नाही. मोहरी, मेथी, आणि हिंग... हिंग तिचा नेहमीच जरा जास्त... सगळं त्या तेलात उतरलेलं! त्या दिवसापासून दोन्ही वेळ घासतो. कोणी न सांगता. वहिनी तर रडल्याच आनंदानं!

आज सकाळी दादानं विचारलं, "गोप्या, काही फरक?"

म्हटलं, "पायाले काही नाही दादा. भूक लागून राहिली."