शिळी खळ

(सकाळ. स्वयंपाकघराच्या ओट्यावर वर्तमानपत्र अंथरलेलं. त्यावर झुरळं धरायची चिकट कार्डं.)

सून : दोन? आठ दिवसांत फक्त दोन?

औषधवाला : दोनच. तीही पिल्लं, वाट चुकलेली. हे कार्ड तुमच्या ओट्याखालचं. ताई, तुमच्या स्वयंपाकघरात झुरळं उपाशी मरतील.

सून : मरू देत की! पाच महिने दुसरं काय करतेय मी? रोज ओटा उकळत्या पाण्यानं धुते, डबे पुसते, मोरीला जाळी ठोकली. हातांची सालटी निघाली, बघा. आणि तरी डॉक्टर म्हणतात, पोरीला झुरळांची अ‍ॅलर्जी आहे, घर स्वच्छ ठेवा. म्हणजे मी काय तिला उकिरड्यात ठेवलंय?

औषधवाला : डॉक्टरांना घर कुठे दिसतं? त्यांना रिपोर्ट दिसतो.

सून : आणि ठमीच्या आत्याला सगळंच दिसतं! तीन आठवडे झाले, पोर तिच्याकडे राहतेय. एकदाही दम लागला नाही, एकदाही पंप तोंडाला लावावा लागला नाही. काल फोन आला, "वहिनी, शाळाही इकडचीच बघू का?" सात वर्षांची पोर माझी, आणि शाळा ही बघणार!

सासरे : चांगल्या मनानं म्हणाली गं ती.

सून : चांगल्या मनानंच म्हणाली, बाबा. म्हणून तर जास्त झोंबलं. भांडायचीही सोय नाही.

औषधवाला : हे न्हाणीघरातलं. तीन. आणि हे शेवटचं.

सासरे : हे कुठलं? दोनच कार्डं ठेवली होतीत ना तुम्ही?

औषधवाला : काका, रागावू नका. मागल्या खेपेला तुम्ही तुमच्या खोलीत फवारू दिलं नाहीत.

सासरे : देणारही नाही. औषधाचा वास कागदाला धरतो. वाचनालयाची पुस्तकं असतात माझ्याकडे बांधायला. लोक नाकाशी धरून वाचतात ती.

औषधवाला : म्हणून मी फवारलं नाही. निघताना एक कार्ड तेवढं तुमच्या कॉटमागे सरकवलं.

सासरे : मला न विचारता?

औषधवाला : विचारलं असतं, तर ठेवू दिलं असतं?

सून : बघू इकडे. अगं बाई!

औषधवाला : मोजत बसू नका. कार्डावर जागाच उरली नाही. शेवटची आलेली आधीच्यांच्या पाठीवर चिकटलीत.

सून : बाबा, ही तुमच्या खोलीतली? ठमी झोपते त्या खोलीतली?

सासरे : जुन्या पुस्तकांत असायचंच एखादं.

सून : एखादं!

औषधवाला : काका, पुस्तकं चिकटवायला काय वापरता?

सासरे : खळ. मैद्याची. मी स्वतः शिजवतो. बाटलीतल्या डिंकानं पुस्तक लाकडासारखं होतं, नीट उघडत नाही.

औषधवाला : रोज ताजी करता?

सासरे : छे! ताजी खळ कामाची नाही. एक रात्र मुरली की मग धरते. माझ्या उस्तादांनी शिकवलंय. भांडं ओल्या फडक्यानं झाकायचं, सकाळी वरची साय काढायची, आणि मग बघा.

औषधवाला : आणि रात्री भांडं कुठे?

सासरे : कॉटखाली. तिथे गार असतं.

सून : कुठल्या कॉटखाली?

सासरे : खोलीत कॉट एकच आहे, सूनबाई.

सून : धन्य आहे! मी इथे साखरेचा कण न् कण वेचतेय, आणि तिकडे पोरीच्या अंथरुणाखाली रोज पंगत बसतेय!

औषधवाला : मैदा, ओल, काळोख. पाहुण्यांना आणखी काय हवं? तुमच्या ओट्याखाली मी लावलेलं औषध त्यांनी हुंगलंसुद्धा नसेल. शिवाय पुस्तकांच्या पाठीतही तीच खळ.

सून : मग मारा सगळी. आत्ताच्या आत्ता. रविवारी मी पोरीला घेऊन येते.

औषधवाला : मारतो. पण ताई, मेलेलं झुरळही खोकला देतं. त्यांची कात, त्यांची घाण वाळून भुगा होतो. तो पानापानांत बसलाय, गादीत बसलाय. पोरगी कूस बदलते, तो उडतो, आणि ती तोच श्वासातून आत घेते. तो जायला महिने लागतात. पोरीला आणा खुशाल, पण त्या खोलीत नको. गादी टाकून द्या. खोलीचं दार लावलेलं ठेवा.

सासरे : पण ती माझ्याजवळच झोपते. दोन वर्षांची होती तेव्हापासून.

सून : बाबा, एक विचारते, खरं सांगा. तुम्हाला ती दिसत नव्हती?

सासरे : आता कार्ड समोर आहेच की.

सून : ते नाही विचारलं मी.

सासरे : दिसायची. दिवा लावला की पळायची. चपलेनं मारायचो, आणि सकाळी तू उठायच्या आत केरात टाकायचो.

सून : कधीपासून?

सासरे : ठमीला पहिल्यांदा दम लागला, त्याच्याही आधीपासून.

सून : आणि बोलला नाहीत! डॉक्टरांनी झुरळं म्हटलं तेव्हा माझ्या शेजारच्या खुर्चीत तुम्ही होतात. तुमचा मुलगा मला म्हणाला, "दिवसभर घरात करतेस काय?" तेव्हा समोर बसून चहा पीत होतात. तोंड उघडलं नाहीत!

सासरे : वाटलं, मीच मारून संपवेन. सांगितलं असतं तर तुम्ही काम बंद केलं असतंत. दोन हात चालतात म्हणून अजून लोक दार वाजवतात गं. ते गेलं की मी नुसता जेवायला उठणार.

सून : अहो, पोर निळी पडली होती, बाबा!

सासरे : माहीत आहे. मीच उचललं होतं तिला.

औषधवाला : मी जरा गाडीतून सामान घेऊन येतो.

सून : थांबा! कुठे जाऊ नका. तुम्ही गेलात तर माझ्या तोंडून काय निघेल, माझं मलाच सांगता यायचं नाही.

सासरे : मी जातो लेकीकडे. तू ठमीला इकडे आण.

सून : खळीचं भांडं घेऊन जाणार? म्हणजे पुढच्या महिन्यात तिची पोरं खोकणार!

औषधवाला : काका, काम बंद करायला कोण सांगतंय? खळ दिवसापुरती करा. उरली तर फेका, भांडं लगेच घासा. मी फटीफटीत मलमासारखं औषध लावतो, त्याला वास नाही. तुमच्या कागदाला काही होणार नाही.

सासरे : ताजी खळ धरत नाही हो. पानं सुटतात.

सून : सुटू देत की! परत बांधा!

सासरे : बांधीन.

सून : आणि ठमी आमच्या खोलीत झोपेल.

सासरे : बरं.

सून : बरं काय? भांडा की माझ्याशी! पाच महिने मी त्या भिंतींशी भांडतेय.

सासरे : कशावरून भांडू? चूक माझी आहे. संध्याकाळी तो आला की त्यालाही सांगतो, माझ्या तोंडानं.

सून : सांगाच.

सासरे : सांगतो. आणि सूनबाई, झोप आली की ती कानाची पाळी चाचपते, ती सापडल्याशिवाय तिचा डोळा लागत नाही. तू कानातले काढून झोपत जा, टोचतील तिला.