बारा ग्रॅम जास्त

(मासेमारीच्या सामानाचं छोटं दुकान, सकाळची वेळ. काउंटरवर एक आखूड रॉड आडवा ठेवला आहे. अलीकडे वडील आणि त्यांची मुलगी, पलीकडे दुकानाच्या मालकीणबाई, ज्यांना सगळेच मावशी म्हणतात.)

मुलगी : ते काही नाही मावशी. ह्या रॉडला दोरी गुंडाळायचं सगळ्यात हलकं रीळ द्या. बाकी मला काही बघायचं नाही.

मावशी : हलकं तेवढं चांगलं, असं कुणी सांगितलं तुला?

मुलगी : डॉक्टरांनी. उजव्या हाताने जड काही उचलायचं नाही.

वडील : डॉक्टर बादलीबद्दल बोलत होते.

मुलगी : बाबा, तुम्ही थांबा हो जरा.

मावशी : थांबलेतच की. हात बधिर झाल्यापासून सात महिने ह्या दुकानाची पायरी चढले नाहीत. मला घोर, माझा वजनकाटा आता कोण नीट करणार? आयुष्यभर गावातले तराजू ह्यांनी सरळ केले, दुसऱ्या कुणाला मी हात लावू देत नाही. काय हो काटेवाले, कसा आहे हात?

वडील : आहे. मी जातो तिथे बरोबर येतो. ह्यापलीकडे आमचं बोलणं नाही.

मुलगी : थट्टा नका करू. मावशी, गेल्या महिन्यात तापलेल्या इस्त्रीवर हात टेकला ह्यांनी. कळलंच नाही. मला स्वयंपाकघरात वास आला म्हणून धावले. आता ह्याच हातात गळ घेऊन एकटे ओढ्यावर जाणार म्हणतात. गळ बोटात घुसला तरी ह्यांना घरी आल्यावर कळेल.

मावशी : आणि तरी घेऊन आलीस?

मुलगी : रोज सकाळी तो रॉड मांडीवर घेऊन बसतात. बघवत नाही. मग आमचं ठरलंय. आज इथे उजव्या हाताला रॉड पेलला, काय धरलंय ते कळलं, तर जायचं. नाहीतर रॉड शेजारच्या काकांना द्यायचा आणि हा विषय पुन्हा काढायचा नाही. हो ना बाबा?

वडील : हो. शब्द दिलाय.

मावशी : अरे देवा. म्हणजे मी रीळ विकत नाहीये, निकाल देतेय. जुनं रीळ कुठंय?

वडील : ते मोठ्या रॉडचं. ह्याला लावलं की मुठीकडचं बूड जमिनीला.

मावशी : लागणारच. हा एवढासा साडेपाच फुटी, झाडांच्या फांद्यांखाली चालवायचा. हे बघ पोरी, ह्या खेळात गळाला आमिष म्हणून बांधायची माशी पिसांची असते, फुंकरीनं उडेल अशी. फेकायची असते ती दोरी. दिवसभर मनगट पुढे-मागे, पुढे-मागे. म्हणून रॉड मुठीच्या पुढच्या टोकाशी एका बोटावर ठेवून बघायचा. रीळ जड असेल तर बूड खाली जातं. फार हलकं असेल तर शेंडा खाली, आणि मग मनगट दिवसभर तो शेंडाच उचलत बसतं.

मुलगी : तरी आधी हलकंच लावा.

मावशी : हे घे, पासष्ट ग्रॅम. ह्याहून हलकं माझ्याकडे नाही. काटेवाले, बोट पुढे करा.

मुलगी : डावं नको बाबा. ठरलंय ना आपलं.

वडील : उजवंच करतोय. सोडा, मावशी.

मावशी : सोडते... अहो, अहो! धरला. पडला नाही, माझ्या हातात आहे.

मुलगी : बघितलंत?

वडील : शेंडा जड आहे.

मुलगी : शेंडा खाली जाताना दिसला, म्हणून सांगताय.

वडील : मी डोळे मिटले होते. तराजू तोलताना मी डोळे मिटतो. डोळे काट्याला फितूर असतात.

मुलगी : बाबा, मनाची समजूत घालू नका. माझीही नको. मावशी, दोन रिळं द्या, एक जड, एक हलकं. कापडी थैलीतच राहू देत. ह्यांच्या डोळ्यांवर मी माझी ओढणी बांधते. कळलं तर कळलं.

मावशी : बांध. घ्या काटेवाले, उजवा तळहात उघडा. हे एक. झालं? आता हे दुसरं.

वडील : पुन्हा पहिलं.

मावशी : हे पहिलं.

वडील : दुसरं जड.

मुलगी : बरोबर आहे मावशी? सांगा ना.

मावशी : पोरी, दोन्ही एकच आहेत. एकाच कंपनीची, एकाच मापाची. ब्याण्णव ग्रॅम. मी मुद्दाम तशीच दिली. हात खरा असेल तर सारखीच म्हणतील, असं वाटलं मला.

मुलगी : म्हणजे अंदाजच ठोकला. पुरे झालं. चला बाबा, घरी चला.

वडील : दुसरं जड आहे.

मुलगी : बाबा, प्लीज. माझ्याच्याने हे बघवत नाही.

वडील : दहाचं वजन, वर दोनचं. एवढं जास्त आहे. मावशी, थैली उघडा.

मावशी : उघडते, पण आत काय वेगळं... अगं बाई!

मुलगी : काय?

मावशी : दोरी! फेकायच्या दोरीखाली गुंडाळतात ती आतली दोरी भरलीय ह्यात. सकाळी एका गिऱ्हाइकासाठी भरून ठेवली आणि साफ विसरले. थांब, काट्यावर ठेवते. ब्याण्णव हे. आणि हे... एकशे चार.

मुलगी : बारा.

मावशी : बारा! अंगावर काटा आला बघ माझ्या.

वडील : काटा तपासून घ्या. सात महिने हात लागलेला नाही त्याला.

मावशी : अहो, तुमचा हात बरोबर निघाला, तर आता काटाच चुकला म्हणताय?

वडील : हात चुकला असता तर मला चाललं असतं. इतके दिवस तो चुकतही नव्हता हो. नुसता लटकत होता. आता काहीतरी बोलला, तर विश्वास बसेना म्हणून विचारतोय.

मावशी : काटा बरोबर आहे. नवीन वजनं ठेवून कालच पाहिलंय.

वडील : मग बरोबर आहे.

मावशी : ओढणी सोड गं त्यांची. अशी काय उभी राहिलीस? आता खरं काम. दोरीसकट रीळ लावते रॉडला. नुसतं रिकामं रीळ तोलून उपयोग नाही, दोरीचं वजनही धरायला हवं. ह्यावर बाहेरची, फेकायची दोरीही चढवते... हं. करा बोट पुढे.

वडील : सोडा.

मावशी : सोडला.

मुलगी : ... हलत नाहीये.

मावशी : श्श. बोलू नकोस.

मुलगी : मावशी, हे आधीपेक्षा केवढं जड आहे. आणि बाबांच्या बोटावर काही ठेवलंय असं वाटतच नाही.

मावशी : चाळीस वर्षं हा धंदा करतेय. दर वेळी बघते आणि दर वेळी मला हेच वाटतं.

वडील : बुडाकडे जरासा कल आहे. शेंड्यातून दोरी ओवली की जाईल.

मुलगी : हेही कळतंय?

वडील : हे कळतंय. इस्त्री अजून कळायची नाही. खोटं नाही बोलणार तुझ्याशी.

मुलगी : मग पहिले काही दिवस मी येईन बरोबर. गळ मी बांधेन. चालेल?

वडील : ओढ्यावर बडबड करायची नाही.

मुलगी : नाही करणार. बाबा, रॉड ठेवा खाली एक मिनिट. हात द्या. उजवा.

वडील : हा घे. काय झालं?

मुलगी : काही नाही. मी धरलाय, ते कळतंय?

वडील : कळतंय. थरथरतोय ना, तो तुझा आहे. माझा नाही.